शेजारच्या प्लॉटवर अपार्टमेंट: परवानगी नेमकी कोण देतं, आणि आपण कुठं बोलायचं

कोल्हापुरात रमणमळ्याच्या बाजूला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, प्रश्न थोडक्यात सांगतो. त्यांचं बैठं घर आहे, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर अपार्टमेंटची फाईल महापालिकेत गेलीय असं त्यांना कळलंय. ही फाईल ज्या कमिटीपुढं जाते त्यात कोण असतं, तिथं मतदान होतं का, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन नगरसेवकांना भेटलं तर काम थांबतं का, असं त्या विचारतायत. शिवाय त्यांच्या भावाला उचगावात घर बांधायचंय, त्याचीही फाईल याच कमिटीकडं जाणार का, हाही प्रश्न आहे.

माझी सगळी नोकरी नगररचना विभागात गेली, आता रिटायर आहे पण लोक अजून नकाशे घेऊन येतात, तेव्हा जरा नीट आणि लांबच सांगतो.

ताई, पहिली गोष्ट, एकेका इमारतीच्या परवानगीसाठी आपल्याकडं नगरसेवकांची कमिटी बसत नाही. हात वर करून मतदान वगैरे काही नसतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्याच्या कलम ४४ खाली अर्ज होतो आणि कलम ४५ खाली मंजुरी किंवा नकार मिळतो. महापालिकेत हा अधिकार आयुक्तांचा, आणि त्यांनी तो नगररचनेच्या अधिकाऱ्यांना वाटून दिलेला असतो, म्हणजे छोटं घर खालच्या पातळीवर मंजूर होतं, मोठी स्कीम सहायक संचालकांपर्यंत किंवा थेट आयुक्तांपर्यंत जाते. कागल, जयसिंगपूर, गडहिंग्लज अशा नगरपरिषदांत हेच काम मुख्याधिकारी करतात. नगरपरिषदेत नियोजन व विकास समिती नावाची विषय समिती असते खरी, पण तुमच्या शेजारच्या प्लॉटचा नकाशा ती पास करत नाही.

मग ठरवतं कोण? खरं सांगायचं तर नियमावली ठरवते. २ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेनं राज्यात यूडीसीपीआर आली, एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, मुंबई आणि काही मोजके भाग सोडून सगळ्या राज्याला एकच पुस्तक. रस्ता किती रुंद, प्लॉट केवढा, उंची किती, सामासिक अंतर म्हणजे मार्जिन किती सोडलंय, पार्किंग किती, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. नकाशा त्यात बसला आणि मालकी स्वच्छ असली तर अधिकाऱ्याला "मला ही बिल्डिंग आवडत नाही" म्हणून नकार देता येत नाही. तसंच बसत नसेल तर गल्लीतल्या शंभर लोकांनी "होऊ दे" म्हणून सह्या दिल्या तरी मंजूर करता येत नाही. लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं वरून फोन आला की सगळं होतं. फोन येतात, मी नाही म्हणत नाही, पण मंजुरीवर ज्याची सही असते त्याला पुढं चौकशीत उत्तर द्यावं लागतं आणि तिथं फोन करणारा उभा राहत नाही.

फाईल कशी चालते ते सांगतो म्हणजे कुठं काय बघितलं जातं ते कळेल. आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअर ऑनलाईन प्रणालीत नकाशा चढवतो, सोबत प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, मोजणी नकाशा, रेखांकन म्हणजे प्लॉट-रस्ते पाडल्याच्या लेआउटची मंजुरी, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, घरफाळा थकबाकी नसल्याचा दाखला. मग छाननी. मोजणी नकाशाची हद्द आणि आर्किटेक्टने काढलेली हद्द जुळते का हे पहिलं बघायचं, कारण निम्मी भांडणं तिथंच असतात. प्रॉपर्टी कार्डावर एक क्षेत्र, जागेवर दुसरं, आणि नकाशात या दोघांतलं जे जास्त असेल ते धरलेलं. नियम असा की कमी असेल ते धरायचं. मग झोन, मग विकास योजनेतला, म्हणजे शहराच्या मंजूर आराखड्यातला, रस्ता किंवा आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) त्या जागेवर पडतंय का, मग एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते. दाट वस्तीच्या बाहेर बेसिक एफएसआय १.१० आहे, त्यावर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे प्रीमियम भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क, आणून वाढतो, आणि रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर प्रीमियमही नाही आणि टीडीआरही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा ताई, तुमच्या कामाचं आहे.

कारण पुढची पायरी जागा पाहणी. कनिष्ठ अभियंता किंवा सर्व्हेअर टेप घेऊन येतो. नकाशात समोरचा रस्ता ९ मीटर लिहिलेला असतो. टेप एका कंपाउंडपासून समोरच्या कंपाउंडपर्यंत धरली की कधी ९ भरतात, कधी ८.२० भरतात कारण समोरच्यानं पायरी आणि बागेची पट्टी रस्त्यात घेतलेली असते, आणि कधी मूळ रेखांकनातच साडेसात मीटरचा रस्ता मंजूर असतो. या तिन्हीचं उत्तर वेगळं. अतिक्रमणामुळं कमी दिसत असेल तर मंजूर रेखांकनातली रुंदी धरतात आणि अतिक्रमणाचा विषय वेगळा चालतो, पण मंजूर रुंदीच कमी असेल तर मोठ्या इमारतीचा हिशोबच कोसळतो, पाच मजल्यांचं स्वप्न दोन-तीन मजल्यांवर येतं. म्हणून पाहणी अहवालातली ती एक ओळ, "प्रस्तावित जागेस अमुक मीटर रुंदीचा रस्ता उपलब्ध आहे", ही अख्ख्या फाईलमधली सगळ्यात महागडी ओळ असते असं मी म्हणेन. नव्या पोरांना मी कायम सांगायचो, ही ओळ ऑफिसात बसून लिहायची नाही.

पाहणीनंतर टिपणी तयार होते. खालून वर जाते, प्रत्येकजण आपला शेरा लिहितो, त्रुटी असली तर अर्जदाराला कळवतात, तो पूर्तता करतो, मग शुल्काचं चलन निघतं. छाननी शुल्क, विकास शुल्क, प्रीमियम, कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर. पैसे भरले की बांधकाम परवाना, मग जोत्यापर्यंत (प्लिंथपर्यंत) काम आलं की जोता तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. छोट्या प्लॉटना हे सगळं नाही बरं का, १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीचे नकाशे दाखल करून फी भरली की ती पावतीच परवानगी, आणि १५० ते ३०० पर्यंत १० दिवसांत निकाल द्यायचा असं नियमावलीतच आहे. शेजारचा प्लॉट यापेक्षा मोठा असणार म्हणून तो पूर्ण छाननीत जाईल.

आता रमणमळा म्हटल्यावर पूररेषेचं बोलायलाच पाहिजे. कोल्हापूरला ब्लू लाईन आणि रेड लाईन हे शब्द आता शाळेतल्या पोरांनाही माहीत झालेत. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, आणि या रेषा पाटबंधारे म्हणजे जलसंपदा विभाग आखतो, महापालिका नाही. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंत नवीन घर बांधायला मनाई, तिथं बाग, मैदान, पार्किंग असले मोकळे वापर चालतात, आणि जुनं अधिकृत घर असेल तरच ते पाडून पुन्हा बांधता येतं. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं पण जोता लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर पाहिजे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, आणि २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, त्यावेळी तुमच्या भागात काय झालं ते तुम्ही बघितलंच आहे.

इथं एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. नियमावली जोत्याची उंची मागते, पण भराव टाकून प्लॉट वर उचलला की तिथलं पाणी शेजारच्या बैठ्या घरात जातं. नाला वळवला, ओढ्याच्या काठावर भिंत घातली, असं झालं तर जयंती नाल्याच्या आजूबाजूचे लोक तुम्हाला सांगतील काय होतं ते. म्हणून अशा फाईलमध्ये भराव किती, नैसर्गिक प्रवाह कुठून जातो, पावसाचं पाणी कुठं सोडणार, हे कागदावर मागितलंच पाहिजे, आणि स्टिल्ट, म्हणजे खाली नुसते खांब, ठेवून खालून पाणी जायला वाट ठेवणं हे भरावापेक्षा कधीही चांगलं. माझं मत स्पष्ट आहे, पूरपट्ट्यातल्या फाईलला अधिकाऱ्यानं कमीत कमी एकदा पावसाळ्यात जागेवर जाऊन बघावं.

बरं, तुमच्या हरकतीचं काय. कायद्यात शेजाऱ्याला नोटीस काढून हरकती मागवायची सक्ती या टप्प्यावर नाही. पण तुम्ही अर्ज दिलात तर तो फाईलला लागतो आणि कामाचा असेल तर अधिकारी त्याची दखल घेतात. कामाचा कुठला ते सांगतो. "आमच्या घराला ऊन येणार नाही", "आमच्या गच्चीवर त्यांची खिडकी दिसणार", "भाडेकरू कसले येतील सांगता येत नाही", "कॉलनीचं वातावरण बिघडेल", या मुद्द्यांवर नगररचना काही करू शकत नाही. उजेड-वाऱ्याचा हक्क वीस वर्षांपेक्षा जास्त वहिवाटीचा असेल तर तो दिवाणी कोर्टाचा विषय, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याखाली, महापालिका त्यात निवाडा देत नाही. मालकीचा वाद असेल तर कोर्टाचा मनाई हुकूम लागतो, नुसतं "दावा चालू आहे" म्हणून फाईल कायमची थांबत नाही. शेवटचा मुद्दा, कोण राहायला येणार यावर कुणी हरकत घेऊ नये, कुणाची जात-धर्म बघून घर अडवायचं काम नगररचनेचं नाही आणि असले अर्ज आले की मला फार वाईट वाटायचं.

कामाचे मुद्दे म्हणजे मोजता येणारे मुद्दे. रस्त्याची मंजूर रुंदी. हद्द, म्हणजे त्यांच्या नकाशात तुमची दोन फूट पट्टी गेलीय का. मार्जिन. पूररेषा. नाला. प्लॉटवर विकास योजनेतलं आरक्षण किंवा कॉलनीची ओपन स्पेस आहे का, हे फार वेळा निघतं, मूळ रेखांकनात खुली जागा म्हणून दाखवलेला तुकडा पुढं कुणीतरी विकलेला असतो. झाडं. गुंठेवारीचा, म्हणजे जमिनीचे विनापरवाना तुकडे पाडून विकलेला, प्लॉट असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का. यातल्या एका मुद्द्यावर सिटी सर्व्हे नंबर आणि नकाशाची झेरॉक्स जोडून दिलेला एक पानी अर्ज दोनशे सह्यांच्या निवेदनापेक्षा जास्त चालतो, कारण टिपणी लिहिणाऱ्याला त्याचं उत्तर लिहावंच लागतं.

मुदतीबद्दल एक. अर्ज किंवा त्रुटीची पूर्तता, जे नंतरचं असेल, तिथून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं कायदा धरतो, पण नकाशा नियमात बसत असेल तरच. काही लोक ६१ व्या दिवशी पाया खणायला घेतात आणि नंतर कळतं मार्जिनच कमी होतं, मग ते बांधकाम अनधिकृतच धरलं जातं. आणि नकार मिळाला तर अर्जदाराला ४० दिवसांत कलम ४७ खाली शासनाकडं अपील आहे. शेजाऱ्याला ते अपील नाही, त्याला तक्रार किंवा मग हायकोर्ट, आणि ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाल्यामुळं मुंबईचे हेलपाटे वाचले एवढं खरं.

आता कमिटीचं. कमिटी आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी आहे आणि तिथं आपण जात नाही. शहराची विकास योजना, डीपी, तयार होते तेव्हा प्रारूप प्रसिद्ध करून ३० दिवसांत हरकती-सूचना मागवतात. त्यावर सुनावणी घ्यायला नियोजन समिती बसते, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ. तुमच्या कॉलनीतला रस्ता ९ मीटरचा राहणार की १२ चा होणार, शेती झोनचा निवासी होणार का, मैदानाचं आरक्षण कुठं पडणार, हे तिथं ठरतं. आणि एकदा रस्ता १२ मीटरचा झाला की त्याच्या कडेच्या प्लॉटना प्रीमियम-टीडीआरनं जास्त एफएसआय घेता येतो. म्हणजे तुमच्या शेजारी पाच मजली येणार की नाही याचा अर्धा निर्णय त्या दिवशी होऊन गेलेला असतो, बिल्डरनं प्लॉट घ्यायच्या कितीतरी आधी.

त्या सुनावण्या मी बसून ऐकल्यात. एकेकाला चार-पाच मिनिटं मिळतात. बरेचजण येऊन सांगतात "आमच्यावर अन्याय झालाय", समिती विचारते सर्व्हे नंबर कुठला, तर ते पिशवीत शोधत बसतात. त्यातच एखादे काका येतात, हातात भाग नकाशा, त्यावर लाल पेननं दाखवलेलं की प्रस्तावित रस्ता इथून वीस फूट सरकवला तर तीन घरं वाचतात आणि रस्ता पुढच्या मंजूर रस्त्याला सरळ मिळतो. समितीतले सगळे पुढं वाकून बघतात. असल्या हरकती मान्य होताना मी बघितल्यात. आरक्षणवाल्यांनाही तिथंच बोलायचं असतं, नाहीतर मग दहा वर्षं थांबून कलम १२७ ची खरेदी सूचना, म्हणजे "जागा घ्या नाहीतर सोडा" अशी नोटीस, द्यायची आणि पुढं २४ महिने वाट बघायची.

मंजूर डीपीत नंतर किरकोळ बदल करायचा तर कलम ३७ ची प्रक्रिया, तिथंही सभागृहाचा ठराव होतो, जाहीर नोटीस निघते, हरकती घेतात आणि शेवटी शासन मंजुरी देतं. नगरसेवकांना भेटायचं असेल तर या कामासाठी भेटा, इथं त्यांच्या शब्दाला कायद्यानंच वजन दिलंय. आपल्याकडं नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढं काही वर्षं प्रशासकच होते, म्हणजे सभागृहाचे अधिकारही आयुक्तांच्याच हातात, त्यामुळं असल्या विषयांवरची चर्चाच बंद पडली होती आणि लोकांनी पेपरमधल्या नोटिसा वाचणंही सोडलं. दुसरी एक खरी समिती म्हणजे वृक्ष प्राधिकरण, १९७५ च्या कायद्याखालची. प्लॉटवर मोठी झाडं असतील तर ती तोडायची परवानगी वेगळी लागते, नोटीस निघते, हरकत घेता येते.

भावाचं सांगतो. शहराची हद्द १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून जवळपास तेवढीच आहे, ६६.८२ चौरस किलोमीटर. उचगाव त्या बाहेर, पण २०१७ ला कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, ४२ गावं, त्यात येतं. तेव्हा गावठाणाबाहेर घर असेल तर अर्ज प्राधिकरणाकडं, नियमावली तीच यूडीसीपीआर. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला किंवा मासिक सभेचा ठराव म्हणजे बांधकाम परवाना नव्हे, त्यावर घर बांधून लोक बँकेत गेले की कर्ज अडतं. उजळाईवाडीचं विमानतळ जवळ असल्यामुळं उंचीची मर्यादाही बघून घ्यायला सांगा, बैठ्या घराला काही अडचण नसते पण पुढं मजले वाढवायचे असतील तर आत्ताच माहीत पाहिजे. आणि प्लॉट गुंठेवारीचा आहे का ते पैसे द्यायच्या आधी बघायचं. २००१ चा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट नियमित होऊ शकतात, त्यानंतर पाडलेले तुकडे या कायद्याखाली होत नाहीत, एजंट काहीही सांगू दे.

ताई, तुम्ही आता काय करायचं. आधी त्या जागेचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, कुणालाही मिळतो, त्यासाठी मालक असायची गरज नाही. कॉलनीच्या मूळ मंजूर रेखांकनाची प्रत मिळवा, त्यात रस्ता आणि ओपन स्पेस बघा. पूररेषेच्या नकाशावर प्लॉट कुठं पडतो ते बघा. काही खटकलं तर एक पानी अर्ज, सिटी सर्व्हे नंबरसह, आवक-जावकला देऊन पोच घ्या. परवाना मिळालाच तर साईटवर परवान्याच्या तपशिलाचा बोर्ड लावावा लागतो, तो नंबर लिहून घ्या. जमीन ५०० चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅट आठापेक्षा जास्त असतील तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साईटवर मंजूर नकाशा घरबसल्या दिसतो, नाहीतर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. आणि नकाशा हातात आल्यावर जोत्याचं काम चालू असतानाच तुमच्या भिंतीपासून त्यांच्या कॉलमपर्यंतचं अंतर मोजा. कमी भरलं तर त्याच दिवशी लेखी तक्रार, फोटोसह. जोत्याला दाखवलेली चूक दुरुस्त होते, तिसऱ्या स्लॅबनंतर ती कोर्टात जाते. हद्दीबद्दल शंका असेल तर तुमच्या स्वतःच्या प्लॉटची सरकारी मोजणी आत्ताच टाका, मोजणीला वेळ लागतो आणि ते लोक काम सुरू करायला थांबणार नाहीत.